एक साप, दोन विषं : रॅटलस्नेकच्या विषाची मोजणी कशी झाली

 

आजचा विषय रॅटलस्नेक. शेपटीला खुळखुळा असलेला साप, सिनेमात काउबॉयच्या बुटाजवळ हमखास वाजणारा. आपल्याकडे हा साप नाही. तो फक्त अमेरिका खंडांत सापडतो, कॅनडाच्या दक्षिण टोकापासून खाली थेट अर्जेंटिनापर्यंत. मग त्याचं आपल्याला काय? तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात सर्पदंशावरची जी बाटली असते ना, ती काही वेळा झटकन काम करते आणि काही वेळा डॉक्टर एकामागून एक बाटल्या चढवतात तरी रुग्ण हलत नाही. असं का होतं, याचं उत्तर शोधायला सगळ्यात जास्त मदत या खुळखुळ्या सापानं केली आहे. तिकडे आपण शेवटी येऊच.

आधी एक कोडं घ्या. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात मोहावी रॅटलस्नेक राहतो. तिथून दोन साप आणले, काही तासांच्या ड्राइव्हच्या अंतरावरून. रंग तोच, पाठीवरचे चौकटी ठिपके तेच, प्राणीशास्त्राच्या पुस्तकातलं नावही तेच. दोघांचं विष काढलं आणि प्रयोगशाळेत उंदरांना टोचून पाहिलं. एकाचं विष दुसऱ्याच्या विषापेक्षा दहा पटींहून जास्त जालीम निघालं. पुढची गंमत अशी की जे कमी जालीम होतं, त्याच्यात मांस आणि रक्तवाहिन्या कुरतडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, भरपूर होती. आणि जे जास्त जालीम होतं, त्याच्यात ती जवळजवळ औषधालाही नव्हती!

म्हणजे जास्त एन्झाइम असलेला साप कमी मारक. हे उलटंच झालं की. हे गणित सुटायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्या वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

"विष म्हणजे काय?" या प्रश्नापासून

फार मागे जात नाही. १६६४ मध्ये फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्को रेदीनं दाखवून दिलं की युरोपातल्या व्हायपर सापाचं विष म्हणजे दातातून येणारं पिवळं पाणी आहे, सापाच्या रागाशी त्याचा संबंध नाही. एका साप पकडणाऱ्यानं ते विष पिऊनही दाखवलं आणि त्याला काही झालं नाही. (तुम्ही करू नका. तोंडात साधा छाला असला तरी खेळ खल्लास.) पुढे १८४३ मध्ये नेपोलियनच्या एका पुतण्यानं व्हायपरच्या विषात अल्कोहोल घालून त्यातलं मारक द्रव्य वेगळं काढलं, आणि ते प्रथिनासारखं आहे हे सांगितलं. हो, तोच नेपोलियन. घराण्यात सगळे लढायाच करत होते असं नाही.

रॅटलस्नेकची खरी गोष्ट सुरू होते फिलाडेल्फियात, सायलस वेअर मिचेल या डॉक्टरपासून. जन्म १८२९. हा माणूस पुढे मज्जासंस्थेचा मोठा तज्ज्ञ झाला. हात किंवा पाय कापलेल्या सैनिकांना तो अवयव अजून आहे आणि दुखतोय असं वाटतं, त्या प्रकाराला 'फँटम लिंब' हे नाव त्याचंच. पण तरुणपणी त्याला वेड होतं सापांचं. १८६० मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं त्याचा रॅटलस्नेकच्या विषावरचा मोठा ग्रंथ छापला. त्या काळात अमेरिकेत साप चावला की माणसाला पोटभर व्हिस्की पाजायची, हा सर्वमान्य उपचार. अशा वातावरणात एक डॉक्टर विष काढतो, वाळवतो, मोजून टोचतो आणि काय झालं ते वहीत लिहितो, हेच मोठं पाऊल होतं. मात्र त्या पुस्तकात मिचेलची समजूत अशी होती की विषात मारणारा पदार्थ एकच आहे. त्याला त्यानं नाव दिलं क्रोटॅलिन. रॅटलस्नेकच्या शास्त्रीय कुळाचं नाव क्रोटॅलस, त्यावरून.

या समजुतीला सुरुंग लावला तो मिचेलनंच. सव्वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, एडवर्ड रायकर्टला सोबत घेऊन त्यानं दुसरा ग्रंथ काढला, आणि त्यात वेगवेगळ्या सापांची विषं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. रॅटलस्नेकचं, पाण्याकाठच्या मोकॅसिन सापाचं, आणि हो, आपल्या भारतातल्या नागाचंही. विषातली प्रथिनं त्यांनी दोन ढोबळ गटांत वेगळी केली. त्यातला एक गट ग्लोब्युलिनचा. रॅटलस्नेकच्या विषात हा गट जवळजवळ पाव हिस्सा भरला, मोकॅसिनच्या विषात आठ टक्क्यांच्या आसपास, आणि नागाच्या विषात दोन टक्क्यांच्याही आत.

हे आकडे आजच्या मोजमापानं फार ओबडधोबड आहेत. पण मला वाटतं विषाच्या अभ्यासातली ही पहिली खरी तुलना. नाग चावला की सूज तुलनेनं कमी आणि श्वास बंद, रॅटलस्नेक चावला की सूज आणि रक्तस्राव, हा फरक लोकांना आधीपासून माहीत होता. मिचेल आणि रायकर्ट यांनी पहिल्यांदा म्हटलं की त्याचं कारण विषातल्या प्रथिनांच्या प्रमाणात शोधा. 'विष' हा एकवचनी शब्द त्या दिवशी मोडीत निघाला.

सब घोडे बारा टक्के?

यानंतर गाडी उताराला लागली. १८८७ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या हेन्री सेवॉलनं मासासॉगा नावाच्या छोट्या रॅटलस्नेकचं विष कबुतरांना थोडं थोडं टोचलं. काही दिवसांनी ती कबुतरं एरवी हमखास मारणारा डोसही पचवू लागली. प्रतिविषाची कल्पना इथे उगवली. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये दोन गटांनी, एकीकडे फिझालिक्स आणि बर्त्रां, दुसरीकडे आल्बेर काल्मेत, ती औषधात उतरवली. काल्मेत आधी सायगावला होता. तिथे पुराच्या पाण्याबरोबर नाग गावात शिरले, माणसं चावली गेली, आणि त्यातून त्याच्या हाती नागाचं विष आलं. पुढे घोड्याला विषाची सवय करायची आणि त्याच्या रक्तातला द्रव औषध म्हणून वापरायचा, हे तंत्र बसलं.

इथे काल्मेतनं एक उडी मारली. त्याचं म्हणणं होतं की नागाविरुद्धचं हे औषध सगळ्याच सापांवर चालेल. सब घोडे बारा टक्के!

हे खोडून काढणारा माणूस होता ब्राझीलमध्ये, आणि त्याचं नाव खरोखरच व्हितल ब्राझील. रुग्णांना काल्मेतचं औषध देऊनही उपयोग होईना, तेव्हा त्यानं स्वतः प्रयोग सुरू केले. तिथे दोन मुख्य शत्रू : एक जराराका नावाचा साप, ज्याच्या चाव्यानं अंग सुजतं, रक्त वाहतं. आणि दुसरा कास्काव्हेल, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा रॅटलस्नेक. याच्या चाव्यानं सूज फारशी येत नाही. पापण्या मिटत जातात, चेहरा सैल पडतो, स्नायू झिजतात आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट होते. व्हितल ब्राझीलनं दाखवलं की जराराकाचं प्रतिविष कास्काव्हेलवर चालत नाही, कास्काव्हेलचं जराराकावर नाही, आणि नागाचं दोघांवरही नाही. प्रत्येक विषाला त्याचंच प्रतिविष हवं.

१९०१ मध्ये साओ पाउलोजवळच्या बुतांतान नावाच्या शेतावर त्याची संस्था अधिकृतपणे उभी राहिली. मुळात ती जागा घेतली होती प्लेगची लस बनवायला. आणि विष हवं तर साप हवेत, म्हणून व्हितल ब्राझीलनं झकास योजना काढली : शेतकऱ्यांनी खोक्यात साप घालून रेल्वेनं फुकट पाठवायचे, बदल्यात त्यांना प्रतिविषाच्या कुप्या मिळणार.

प्लेगवरून आठवलं. त्याच सुमारास मुंबईत, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा चालू होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. तिथे जॉर्ज लँब नावाचा डॉक्टर काल्मेतच्याच औषधाची परीक्षा घेत होता. नागाच्या विषावर ते लागू पडतं, पण घोणशीच्या विषावर त्याचा परिणाम नाही, असं त्याला दिसलं. एक साओ पाउलोत, एक परळमध्ये, आणि दोघांच्याही प्रयोगशाळा प्लेगमुळे उभ्या राहिलेल्या. मला ही जोडी फार आवडते.

कात्र्या आणि कुलपं

आता जरा एन्झाइमकडे वळू, कारण पुढची सगळी मजा तिथे आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिला की गोड लागतो ना? लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडून साखर करत असतं. एन्झाइम म्हणजे अशी कात्री, जी स्वतः झिजत नाही आणि ठराविक गोष्टच कापते. सापाच्या विषात अशा कात्र्या पुष्कळ. कुणी प्रथिनं कापतं, कुणी पेशींच्या आवरणातली चरबी, कुणी पेशींमधला चिकट गोंद, म्हणजे विषाला पसरायला रस्ता मोकळा. आणि रेदीनं पाहिलेला तो पिवळा रंग? तोही एका एन्झाइमचाच, ज्याच्या आत व्हिटॅमिन बी-२ पासून बनलेला तुकडा असतो. ज्या रॅटलस्नेकच्या विषात हे एन्झाइम नाही, त्यांचं विष पांढरंफटक.

या कात्र्यांची धार मोजता येते. उदाहरणार्थ, दुधातलं केसिन हे प्रथिन रंग जोडून ठेवायचं, त्यात विष घालायचं, आणि ठराविक वेळात किती रंग सुटून बाहेर आला ते यंत्रावर बघायचं. जास्त रंग, जास्त धार. काम सोपं, आकडा झटपट मिळतो. म्हणून विसाव्या शतकात जो तो विषांच्या एन्झाइमची मोजणी करत सुटला. मनात कुठेतरी गृहीत हेच होतं की धार जास्त म्हणजे साप जास्त घातक.

या गृहीतकाला पहिला तडा बुतांतानमध्येच गेला, पण तो तडा आहे हे कळायला तेहतीस वर्षं लागली.

१९३५ मध्ये कार्ल स्लोट्टा नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ नाझी राजवटीतून निसटून ब्राझीलला आला. माणूस साधा नव्हता. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन शुद्ध रूपात काढणाऱ्यांपैकी तो एक. पाठोपाठ त्याच्या बायकोचा भाऊ हाइन्ट्स फ्रेंकेल-कॉनराटही आला. मेहुणा आणि दाजी, दोघं परक्या देशात, समोर कास्काव्हेलचं वाळवलेलं विष. १९३८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की या विषातलं मुख्य प्रथिन त्यांनी स्फटिकरूपात मिळवलं आहे. सर्पविषातलं प्रथिन स्फटिक होऊन हाती येण्याची ही पहिलीच वेळ. नाव ठेवलं क्रोटॉक्सिन. स्वीडनमध्ये स्वेडबेरीच्या प्रयोगशाळेत त्याचं वजनही काढलं गेलं, आणि सगळ्या परीक्षांत ते एकच एकसंध प्रथिन आहे असं दिसलं. ते चरबी कापणारं एन्झाइमही होतं आणि मज्जातंतू बंद पाडणारं विषही. झालं, प्रश्न मिटला! एन्झाइम हेच विष.

फ्रेंकेल-कॉनराट पुढे अमेरिकेत गेला आणि तंबाखूच्या एका विषाणूचे तुकडे करून तो पुन्हा जोडण्याच्या प्रयोगामुळे जगप्रसिद्ध झाला. पण क्रोटॉक्सिन त्याच्या डोक्यातून गेलं नसावं, कारण १९७१ मध्ये त्यानं हेंडन या सहकाऱ्याबरोबर ते पुन्हा उघडलं. आणि ते 'एकसंध' प्रथिन दोन तुकड्यांत सुटलं. दोन प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगून बसली होती, इतकंच. एक तुकडा एन्झाइम. तो एकटा टोचला तर मामुली विषारी. दुसऱ्या तुकड्याला कात्रीही नाही आणि विषारीपणाही नाही, अगदी निरुपद्रवी. पण दोन्ही पुन्हा एकत्र केले की पहिल्यासारखं प्राणघातक!

आता लक्ष द्या. तो निरुपद्रवी तुकडा एन्झाइमची धार वाढवत नाही. तो ती कमी करतो. धार कमी होते आणि मारकपणा वाढतो.

हे कसं शक्य आहे? जत्रेत लहान पोराला घेऊन जाण्यासारखं समजा. पोर एकटं सोडलं तर पहिल्याच भेळेच्या गाडीला चिकटणार, मग फुग्यांना, मग पाळण्याला. देवळापर्यंत पोचणारच नाही. आईनं हात घट्ट धरला की मग ते थेट गाभाऱ्यात. एन्झाइमचा तुकडा असाच चिकट. शरीरात दिसेल त्या पेशीच्या आवरणाला लागतो आणि वाया जातो. दुसरा तुकडा त्याला धरून ठेवतो, वाटेत कुठे चिकटू देत नाही, आणि मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या टोकाशी नेऊन हात सोडतो. तिथून पुढे स्नायूला निरोप जाणं बंद. छातीच्या पडद्याला निरोप गेला नाही तर श्वास थांबतो.

यंत्रावर कितीही कात्र्या मोजल्या तरी पत्ता कुठला, हे यंत्र सांगत नाही.

१९७८, एक विचित्र वर्ष

मोहावी रॅटलस्नेककडे परत येऊ. याच्या विषातही क्रोटॉक्सिनचा जुळा भाऊ शोभेल असं दोन तुकड्यांचं प्रथिन सापडलं, त्याला मोहावी टॉक्सिन म्हणतात. मग १९७८ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जेम्स ग्लेन आणि रिचर्ड स्ट्रेट यांनी एक साधी गोष्ट केली. 'मोहावीचं विष' असं लेबल लावलेली एकच बरणी न वापरता, कुठला साप कुठून पकडला याची नोंद ठेवली आणि प्रत्येकाचं विष वेगळं तपासलं. तेव्हा सुरुवातीचं कोडं समोर आलं. कॅलिफोर्नियापासून टेक्ससपर्यंत बहुतेक ठिकाणी विष 'ए' प्रकारचं : मोहावी टॉक्सिन आहे, मांस कुरतडणारी एन्झाइम फार कमी. पण ॲरिझोनाच्या मधोमध, फिनिक्स आणि टूसॉन शहरांच्या पट्ट्यात, 'बी' प्रकार : मोहावी टॉक्सिन गायब, एन्झाइम भरमसाट, आणि मारकपणा कितीतरी कमी. पुढे १९८९ मध्ये त्यांनीच दाखवलं की जिथे दोन्ही वस्त्या भेटतात, तिथे काही सापांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. अशा सापाशी गाठ न पडलेली बरी.

त्याच १९७८ मध्ये कोलोरॅडोत आणखी एक गाठ सुटली. तिचं दुसरं टोक फिलाडेल्फियात होतं. १९०० च्या अखेरीस हिदेयो नोगुची हा जपानी तरुण आगाऊ कळवल्याशिवाय सायमन फ्लेक्सनर या प्राध्यापकाच्या दारात येऊन उभा राहिला होता, काम द्या म्हणून. त्याला मिळालं सर्पविषाचं काम, वर म्हाताऱ्या मिचेलचा आशीर्वाद. (जपानच्या हजार येनच्या नोटेवर २००४ पासून वीस वर्षं ज्याचा चेहरा होता, तो हाच.) फ्लेक्सनर आणि नोगुची यांनी सांगितलं होतं की रॅटलस्नेकच्या विषात रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडणारा एक वेगळा घटक आहे. त्याला त्यांनी हेमोरॅजिन म्हटलं. पण तो पदार्थ नक्की काय, हे पाऊण शतक गूढच राहिलं.

१९७८ मध्ये अँथनी टू आणि जोन बिआर्नासोन यांनी वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेकच्या विषातून रक्तस्राव घडवणारी पाच प्रथिनं वेगळी केली. त्यांच्यात निघालं जस्त, झिंक. एका प्रथिनातून जस्त काढून घेतलं तर प्रथिनं कापण्याची धारही गेली आणि रक्तस्रावही थांबला. म्हणजे इथे मात्र एन्झाइम हेच खरोखर हत्यार होतं. या गटाला आता मेटॅलोप्रोटीएज म्हणतात. बिआर्नासोन मूळचा आइसलंडचा, जिथे रानात एकही साप नाही, हे जाता जाता सांगतो.

आणि तिसरी गोष्ट, तीही १९७८ चीच : रीड आणि थीकस्टन यांनी दाखवलं की डायमंडबॅकच्या पिल्लाच्या विषानं रक्त गोठतं, पण साप मोठा होत जातो तशी ती ताकद ओसरते. एकाच सापाचं विष वयाप्रमाणे बदलतं! दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, स्टीफन मॅकेसीनं पॅसिफिक किनाऱ्याकडच्या रॅटलस्नेकमध्ये हे नीट मोजलं. पिल्लांच्या विषात मांस कुरतडणारी एन्झाइम कमी आणि मारकपणा जास्त. मोठ्यांत उलट. पिल्लं खातात पाली-सरडे, मोठे खातात उंदीर-खारी. मोठं केसाळ भक्ष्य आतून लवकर विरघळावं म्हणून मोठ्यांना एन्झाइम लागत असावीत, असा एक तर्क आहे. तो सगळ्यांना पटलेला नाही.

इंस्टाग्रामवर तुम्ही ऐकलं असेल की रॅटलस्नेकचं पिल्लू मोठ्यापेक्षा घातक, कारण त्याला विष आवरता येत नाही. विषाच्या थेंबाथेंबाची तुलना केली तर पिल्लू काही जातींत जास्त जालीम असू शकतं, हे वर आलंच. पण मोठ्या सापाच्या ग्रंथीत विष इतकं जास्त असतं की माणसाला साधारणपणे मोठ्याचाच चावा महागात पडतो.

पुढे मॅकेसीनं कितीतरी जातींचे आकडे एकत्र मांडले आणि रॅटलस्नेकची विषं ढोबळमानानं दोन तंबूंत बसवली. पहिल्या तंबूत मेटॅलोप्रोटीएज भरपूर, मारकपणा कमी. दुसऱ्यात मेटॅलोप्रोटीएज नाममात्र, मारकपणा जबरदस्त. दोन्ही एकाच वेळी भरपूर असणारे साप अपवादानंच. म्हणजे मोहावीच्या ए आणि बी मधला फरक हा एका जातीचा विक्षिप्तपणा नव्हता, सगळ्या कुळाचीच ती रीत होती.

मग पहिल्यांदा कोण होतं? सगळ्यांना वाटायचं की साधं एन्झाइमवालं विष जुनं, आणि मोहावीसारख्यांनी मज्जातंतूंचं विष मागाहून कमावलं. २०१६ मध्ये शॉन कॅरल यांच्या गटानं तीन रॅटलस्नेकचे जीन वाचले आणि चित्र पालथं झालं. सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वीच्या मूळ पूर्वजाकडे दोन्ही होतं. डायमंडबॅक सापांनी साधारण ६० लाख वर्षांपूर्वी मज्जातंतूंच्या विषाचे जीन चक्क टाकून दिले. वाडवडिलांच्या घरातलं कपाट, एका भावानं ठेवलं, एकानं विकलं.

या सगळ्या तुलनेतून एक औषधही निघालं, ते सांगायलाच हवं. १९९१ मध्ये रॉबर्ट स्कारबरो आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ सापांची विषं चाळली. रक्तातल्या प्लेटलेटना एकमेकांना चिकटू न देणारं प्रथिन अनेक विषांत होतं, पण पिग्मी रॅटलस्नेकच्या विषातलं तेवढं वेगळं. त्याच्या मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, आणि त्यामुळे ते नेमकं प्लेटलेटवरच काम करी, इतरत्र हात घालत नसे. त्याची छोटी नक्कल म्हणजे एप्टिफिबॅटाइड, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर. हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला, अँजिओप्लास्टीच्या वेळी डॉक्टर ते शिरेतून देतात.

बाटलीत काय आहे?

आता ती कपाटातली बाटली. अमेरिकेत १९५४ पासून वापरलेलं मोठं प्रतिविष चार सापांचं विष घोड्यांना टोचून बनायचं, त्यात मोहावी नव्हता. २००० मध्ये मंजूर झालेल्या क्रोफॅबमध्ये मोहावीचं विष मुद्दाम घातलं. घोड्याऐवजी मेंढ्या वापरल्या. ग्लेन आणि स्ट्रेट यांनी सापांच्या पत्त्याची जी नोंद ठेवली होती, तिचं महत्त्व इथे कळतं. कुठल्या सापाचं विष टोचायचं हे ठरवताना जातीचं नाव पुरेसं नसतं.

भारतात आपलं प्रतिविष चार सापांवर बेतलेलं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठीचं बरंचसं विष वर्षानुवर्षं एकाच भागातून येत आलं आहे, चेन्नईजवळच्या इरुला समाजाच्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. ही संस्था नोंदवली गेली ते वर्षही १९७८. पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणारी ही माणसं, साप पकडतात, विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. त्यांचं काम चोख आहे. अडचण वेगळीच आहे. तमिळनाडूतल्या घोणशीचं विष आणि आपल्याकडच्या किंवा राजस्थान, बंगालकडच्या घोणशीचं विष सारखंच असेल, हे आपण धरून चाललो होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या राज्यांतले नमुने तपासले. प्रथिनांचं प्रमाण वेगळं, एन्झाइमची धार वेगळी, मारकपणा वेगळा, आणि बाजारातलं प्रतिविष काही भागांतल्या विषापुढे फारच लंगडं पडतं.

देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं जातात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बरीचशी पावसाळ्यात. म्हणून बाटली लंगडी असली तरी हे लक्षात ठेवा : आज आपल्याकडे तीच आहे आणि ती जीव वाचवते. चावा बसला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. मांत्रिकाकडे घालवलेला तासच जास्त नडतो.

राज्याराज्यांतली विषं वापरून प्रदेशाप्रमाणे प्रतिविष बनवावं, की मेटॅलोप्रोटीएजसारख्या एन्झाइमना थेट अडवणारी साधी गोळी द्यावी, यावर आता काम चालू आहे. दुसऱ्या वाटेचा एक फायदा उघड आहे : गोळी गावातल्या आशाताईंच्या पिशवीत मावते. आणि तिची मर्यादाही आपल्याला रॅटलस्नेकनं आधीच दाखवली आहे. असली गोळी बी प्रकारच्या मोहावीला आवरेल. ए प्रकारच्या विषात ती अडवणार तरी कशाला?

तुमच्या गावाकडे घोणस किंवा फुरसं चावल्यावर कशी लक्षणं दिसतात, किती बाटल्या लागल्या, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. कोकणातल्या आणि विदर्भातल्या मंडळींच्या उत्तरांत फरक पडतो का, ते मला ऐकायचं आहे. पुढच्या भागात भेटू.